प्राण्यांच्या पावलांचे ठसे उचलायला पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस): मूर्तीवाल्यांचं घ्या, भिंतीचं नको

पीओपी मागितलं की हार्डवेअरवाला बहुतेकदा भिंतीच्या फिनिशिंगचं पोतं पुढे करतो. ते नको. त्यात आळायला वेळ लागावा म्हणून मुद्दाम रसायन मिसळलेलं असतं. पाणवठ्याच्या ओल्या मातीवर ते बराच वेळ लिबलिबीतच राहतं. गणपतीच्या कारखान्यात वापरतात ते मोल्डिंगचं पीओपी मागा. बिबट्या, तरस, सांबर यांना ते पैकीच्या पैकी. उदमांजर, मुंगूस यांच्या बारीक नखांना मात्र डेंटल स्टोनच हवा, म्हणजे दातांचे साचे बनवायला वापरतात ती पावडर. महाग पडतो, पण पीओपीपेक्षा बराच कणखर.

पीओपीला 1 माप पाणी, 2 मापं पावडर. डेंटल स्टोनच्या 100 ग्रॅमला साधारण 30 मिली पाणी. पावडर पाण्यात भुरभुरवायची. पावडरीत पाणी ओतलंत की गुठळ्या ठरलेल्या. ठशाभोवती जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी गोल रोवायची, आणि मिश्रण ठशात थेट न ओतता पट्टीच्या आत कडेला ओतून हळूच वाहू द्यायचं. थेट धारेने गादीची, म्हणजे बोटांमागच्या मोठ्या फुगीर भागाची, मागची कड ढासळते, आणि ओळख तर तिथेच असते. मार्जारकुळाच्या गादीला मागे तीन स्पष्ट पाळ्या असतात, कुत्रा-कोल्ह्याला तशा नसतात. नुसत्या नखांवर जाऊ नका. चिखलात घसरताना बिबट्याही नखं काढतो.

जाडी 2 ते 2.5 सेंमी. अर्ध्या तासाने सुरीने भोवतालच्या मातीसकट उचला, उचकटू नका. माती लगेच धुवायची घाई नको. एक दिवस वाळू द्या, मग मऊ ब्रश.

फुफाट्यातला ठसा असेल तर आधी स्प्रेने पाण्याचा हलका फवारा, नाहीतर धूळच मिश्रणावर तरंगते. दमट हवा लागलेलं पोतं वाया गेलेलंच समजा: मूठभर कालवून पाहा, गरम होऊन घट्ट झालं नाही तर जंगलात नेऊच नका.

मापाला मात्र साच्यावर विसंबू नये. मऊ चिखलात बोटं फाकतात, बिबट्या वाघाएवढा दिसू लागतो. माप घट्ट जमिनीवरच्या ठशाचं घ्या. साच्यावरून प्राणी कोणता ते कळतं, नेमका कुठला ते सांगणं अवघड. म्हणून तर 2006 पासून वाघांच्या राष्ट्रीय गणनेत ठशांची जागा कॅमेऱ्यांनी घेतली.

मिश्रण आळत असतानाच पाठीवर काडीने तारीख, जागा आणि पुढचा पाय की मागचा, ते कोरा. उरलेलं ओढ्यात धुऊ नका, कागदात बांधून परत आणा.