चप्पल लाईनवरची कोल्हापुरी: टाच सुटल्यानंतरचा अनुभव

अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची कडी), पट्टा, वेणी, कान (पट्टा जोडायच्या बाजूच्या पाकळ्या) हे कोल्हापुरीबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थेट टाचेवर येतो. उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या चप्पल लाईनवरून, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेतून, घेतलेल्या जोडीची उजवी टाच गणपतीच्या सुमारास गेली. बाकी सगळं ठणठणीत. पट्टा जागेवर, वेणीचा एक पदर हललेला नाही, अंगठाही घट्ट. टाच मात्र बाजूने फुगली आणि मग खारीच्या बिस्किटासारखे पदर सुटायला लागले. कोपऱ्यावरच्या चांभारमामांनी रापी (चामडं कापायचं हत्यार) घालून ती उघडली. वर चामड्याचा एक पातळ थर, खाली एक थर, आणि मधे चक्क पुठ्ठा. भिजून त्याचा लगदा झालेला. "ह्यात चामडं कुठाय? वही घातलीया की," एवढंच ते म्हणाले.

दुकानात नेल्यावर उत्तर मिळालं, "पावणं, गॅरंटी शिलाईची हाय. शिलाई कुठं गेलीया? टाचंचं आपलं काय बोलणंच झालं न्हवतं." मुद्दा अगदी वकिली, पण बिनतोड. शिलाई खरंच शाबूत होती. दीडशे रुपये देऊन टाच बाहेरून बदलून घेतली. म्हणून पुढचं बरंचसं टाचेबद्दलच आहे. ज्यांना डिझाईन आणि रंगाबद्दल वाचायचंय त्यांना इथे फार काही मिळणार नाही.

दुकानदार तुम्हाला पट्टा दाखवतो, वेणी किती बारीक आहे ते दाखवतो, चप्पल वाकवून दाखवतो. टाच कोणी उलटी करून दाखवत नाही. ती आपणच उलटी करायची आणि उजेडात धरून कड बघायची. पूर्ण चामड्याच्या टाचेत एकावर एक थर वेगवेगळे दिसतात, जाडी थोडी कमीजास्त असते आणि कडेला तंतू दिसतात. पुठ्ठ्याची कड एकसारखी गुळगुळीत असते आणि ती लपवायला जाड तपकिरी किंवा काळा रंग फासलेला असतो. अशा कडेवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. पुठ्ठ्यात नख रुततं आणि खूण तशीच राहते. चांगलं दाबलेलं चामडं नखाला दाद देत नाही. रंग इतका जाड असेल की काहीच कळत नाही, तर त्याच नमुन्याची बिनरंगी कडेची जोडी मागा. "तशी येत न्हाई" असं उत्तर आलं की पुढच्या दुकानात जा. लाईनीत दुकानांना तोटा नाही.

पुठ्ठा घालतात कारण टाचेचा मधला भाग कोणाला दिसत नाही आणि जाड चामडं महाग पडतं. 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी कडक झाल्यापासून कारागीर कच्च्या मालाची ओरड करत आहेत, आणि ती खोटी नाही. तळाला आता मुख्यतः म्हशीचं चामडं लागतं. पुठ्ठा घालून स्वस्त विकली तर त्यालाही हरकत नाही, कोरड्या दिवसांत ती चप्पल वर्षभर चालेल. पुठ्ठा घालून पूर्ण चामड्याचा भाव लावला, तिथे डोकं फिरतं.

शिलाईचं आता थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. अस्सल कामात तळ आणि टाच चामड्याच्याच वादीने, म्हणजे बारीक पट्टीने, हाताने शिवतात, खिळा नसतो. वादी भोकात घट्ट बसते आणि एका जागी तुटली तरी शेजारचे टाके धरून राहतात. मशीनवर नायलॉनचा दोरा असतो. तो वादीपेक्षा बारीक आणि चिवट असल्यामुळे ओढ बसली की चामडंच कापत जातो. शिलाई कडेच्या फार जवळून गेली असेल तर हे लवकर होतं. तळ उलटा करून टाके वर आलेत का तेही बघा. वर आलेला दोरा रस्त्याला घासून सगळ्यात आधी तुटतो. चारशे-पाचशेला कोणी हातशिलाई म्हणून देत असेल तर मुकाट्याने पुढे चला, त्या पैशात कारागिराची मजुरीही निघत नाही.

कापशी की कुरुंदवाडी, करकर वाजणारी की मुकी, कोल्हापुरीच्या अशा प्रकारांवर तासभर चर्चा होऊ शकते. होऊ द्या, पण टाच सगळ्यांची सारखीच तपासायची. "हा अथणीचा माल, डुप्लिकेट" असंही शेजारच्या दुकानाबद्दल कोणीतरी कानात सांगतं. त्यात अर्थ नाही. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (हे नाव कोणत्या भागातल्या मालाचं, याची सरकारी नोंद) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. अथणी बेळगाव जिल्ह्यातच येते आणि तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. खोटी म्हणायची ती रेक्झिनची. तळाच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकला की वनस्पतीजन्य पद्धतीने, म्हणजे हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं तो हळूहळू पितं आणि डाग गडद होतो. रेक्झिनवर थेंब मण्यासारखा पडून राहतो. थेंब टाकण्याआधी विचारा, नाहीतर तो डाग तुमच्या गळ्यात पडेल. आणि जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यानंतर कोणी "प्राडावाली डिझाईन" म्हणून जादा पैसे मागत असेल तर त्याला हसून नमस्कार करावा. मूळ डिझाईन त्याच्याच शेजाऱ्याची आहे.

रबरी तळाबद्दल मत मधेच बदललं. कोल्हापुरीला खालून रबर म्हणजे भेसळ, असं घेताना ठाम वाटत होतं. चामड्याचा तळ दिसतो देखणा, पण गुळगुळीत फरशीवर, आणि विशेषतः ओल्या फरशीवर, तो घसरतो. शिवाय डांबरी रस्त्यावर रोज चालणं असेल तर टाचेचा मागचा बाहेरचा कोपरा काही महिन्यांतच तिरका झिजतो. टाच बदलताना खालून पातळ रबर लावून घेतलं आणि दोन्ही तक्रारी संपल्या. वरून बघणाऱ्याला कळतही नाही. लग्नात दोन तास घालायची जोडी असेल तर रबर नको. रोज वापरायची असेल तर नवीन असतानाच लावून घ्या, आणि त्याआधी तळाला खालून तेल लावू नका. तेल प्यालेल्या चामड्यावर सोल्युशन (रबर चिकटवायचा डिंक) धरत नाही, रबर आठवडाभरात तोंड उघडतं. तळ कानशीने खरवडून, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकवून मग ठोकायचं. घाईत ओलंच चिकटवणाऱ्याकडे देऊ नका.

बाजारात जायचं तर गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि भवानी मंडपातून चालत या. महाद्वार रोडवर दुचाकी घालणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. अंबाबाईचं दर्शन आधी, खरेदी नंतर. नवी जोडी पिशवीत घेऊन रांगेत ताटकळायचं किंवा पायात घालून देवळाबाहेर सोडायची, दोन्ही मूर्खपणाचं आहे. मंगळवार, शुक्रवार, रविवार, नवरात्र आणि नोव्हेंबर व जानेवारीअखेरच्या किरणोत्सवाचे (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात ते) दिवस टाळा. गर्दीत दुकानदाराला टाच तपासणारं गिऱ्हाईक नको असतं, त्याचंही बरोबरच आहे. बाकीच्या दिवशी दुपारी तीन-चारला जा. दुकान मोकळं असतं, पायही दिवसभराच्या चालण्याने थोडा सुजलेला असतो, त्यामुळे माप खरं कळतं. चप्पल किंचित घट्टच घ्यायची, पट्टा पुढे सैल होणारच असतो. पण अंगठ्यात बोट कळ येईल इतकं आवळलं तर "घालून सैल होतंय" यावर विश्वास ठेवू नका. सैल पट्टा होतो, अंगठ्याची जागा बदलत नाही. पायाची टाच तळाबाहेर डोकावत असेल तर एक नंबर वाढवा.

घासाघीस होते, पण "एकच भाव" अशी पाटी असलेल्या दुकानात ती करून तोंड वाईट करून घेऊ नका. पाटी नसेल तर भाव विचारण्याआधी टाच तपासून घ्या. कड बघणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगितलेला पहिला भावच जरा खाली असतो, असा अनुभव आहे.

ताराबाई रोडला कपिलतीर्थ मंडईत गूळ घेणार असाल तर पिवळाधमक टाळा, तपकिरी घ्या. साज, ठुशी बघायला गुजरी, म्हणजे सराफ पेठ, जवळच आहे. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की खिशाला सांभाळा.

घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, अंगठ्याला आणि तळाच्या वरच्या बाजूला एरंडेल किंवा खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवून रात्रभर सावलीत ठेवा. जास्त तेलाने फिका रंग काळवंडतो आणि पट्टा लुळा पडतो. पहिला आठवडा घरातच तासभर घालायची, नाहीतर अंगठ्याच्या बेचक्यात फोड ठरलेला. कोल्हापूरचा पाऊस या चपलेसाठी नाही. जून ते सप्टेंबर ती वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून काढून बुरशी कोरड्या फडक्याने पुसा. भिजलीच तर आत कागदाचे बोळे भरून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की चामडं कडक होऊन वाकतं आणि अंगठ्याजवळ चिरतं. ओल्या चपलेने पावलांना तपकिरी रंग लागला तर घाबरू नका, तो सालीचा रंग आहे, धुतला की जातो.

टाच बदलली, रबर लागलं, आता जोडी मस्त चालते. पाचपैकी साडेतीन देतो. टाच सुरुवातीपासून चामड्याची असती तर पाच दिले असते. पुढची जोडी बनवूनच घेणार. सुभाषनगर, जवाहरनगर भागात कारागीर आहेत, तिथे मागणीप्रमाणे काम होतं. माप देताना उभं राहून, दोन्ही पायांचं वेगवेगळं, कागदावर पेन्सिल सरळ धरून काढून द्या. बसून काढलेलं माप लहान येतं. पट्ट्यासाठी पावलाच्या उंच भागाभोवती टेप गुंडाळून घेर लिहा. टाच किती थरांची, सगळे थर चामड्याचे, कडेला रंग नको, हे पावतीवर शब्दांत लिहून घ्या. आणि आगाऊ रक्कम अर्ध्याहून जास्त देऊ नका.