जार, आरओ की उकळलेलं पाणी: मेहुण्याच्या रिपोर्टनंतरचा हिशेब

मेहुण्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट आला. मिलिलिटरमागे १ कोटी १० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषात खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. रात्रभर मोबाईलवर मायक्रोप्लास्टिकचं, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक कणांचं वाचून सकाळी त्याचा फोन, "दाजी, जार बंद करून आरओ बसवू का?"

भीती अगदीच हवेतली नाही. २०२४ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांनी २३ माणसांची आणि ४७ कुत्र्यांची वृषणं तपासली. प्लास्टिक सगळ्यांत निघालं: माणसांत ग्रॅममागे सरासरी ३३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, कुत्र्यांत त्याचा साधारण तिसरा हिस्सा. ज्या कुत्र्यांत पीव्हीसी हे पाइपांचं प्लास्टिक जास्त, त्यांच्यात शुक्राणू कमी. माणसांचे नमुने मात्र रसायनात जपलेले होते, त्यामुळे त्यांत शुक्राणू मोजता आले नाहीत. उंदरांना पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे कण दिले की शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन घटल्याचं अनेक प्रयोगांत दिसलंय, पण मात्रा बहुतेकदा भरपूर असते. थोडक्यात, संशय दाट आहे, गुन्हा शाबीत नाही.

आता पाणी. कोलंबिया विद्यापीठाने २०२४ मध्येच बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सुमारे २ लाख ४० हजार कण मोजले, त्यातले ९० टक्के नॅनो, म्हणजे मायक्रोपेक्षाही बारीक. ती सीलबंद बाटली होती. आपला वीस लिटरचा जार परत परत भरला जातो, मे महिन्यात टेम्पोत उन्हात तापतो. आमच्या दुकानातला रिकामा जार उन्हाकडे धरून पाहिला, तर तळ चऱ्यांनी दुधाळ झालेला. तिघांत मला हाच सगळ्यात नकोसा वाटतो.

आरओची जाळी कण चांगले अडवते, पण शुद्ध पाणी पुन्हा प्लास्टिकच्याच टाकीत साठतं. शिवाय एका लिटरसाठी दोन-तीन लिटर सहज वाया. ज्या गावात नळाला पाणी आलं की घरातली भांडीकुंडी भरून ठेवायची सवय अजून मोडलेली नाही, तिथे हे परवडतं का? घरी फक्त बोअर असेल तर गोष्ट वेगळी. बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट, फ्लोराइड उकळून जात नाही, तिथे आरओच घ्या.

उजनी धरणाचं नळाचं पाणी येत असेल, तर माझं मत उकळण्याला. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं, की कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी उकळून गाळलं तर त्यातले ९० टक्क्यांपर्यंत कण निघून जातात. मऊ पाण्यात जेमतेम २५ टक्के. उकळताना कॅल्शियम कार्बोनेट सुटतं आणि जाता जाता प्लास्टिकचे कण कवेत घेतं. पातेल्याला बसणारा तो पांढरा थर, ज्याला बायको रोज शिव्या घालते, तोच इथे कामाला येतो. पाच मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून निवू द्यायचं, तळ न ढवळता दुपदरी सुती फडक्यातून स्टीलच्या पिंपात किंवा माठात गाळायचं. टेरिकॉटचं फडकं नको, ते स्वतःच धागे सोडतं. गॅस थोडा जास्त लागेल, एवढंच.

पण खरं सांगू? मेहुण्याला मी पाण्याआधी चहाचं विचारलं. यंत्रमागावर दिवसाला चार चहा, कॅरीबॅगेत पार्सल आणि कागदी कपात. आयआयटी खरगपूरने २०२० मध्ये मोजलं होतं: कागदी कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, की आतल्या प्लास्टिकच्या अस्तरातून सुमारे २५ हजार कण सुटतात. प्लास्टिकला उष्णता लागली की गणित बिघडतं. स्टीलची किटली आणि काचेचा ग्लास, एकदाचा खर्च.

आणि तंबाखूचा मावा? त्यावर तो गप्प बसला. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, आणि शेडमधला उकाडा त्यालाच ठाऊक. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या आहेत का, हे डॉक्टर हातानेच तपासून सांगतात, ते अजून झालेलं नाही. एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून काही बदललं तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय.

किटली आलीय. जार मात्र अजून सुरूच आहे, उकळलेल्या पाण्याची चव सासूबाईंना चालत नाही.