डिजिटल स्कायचा ड्रोन नकाशा: परवानगीचं सांगतो, टक्करीचं नाही

डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्याच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा हवाई क्षेत्राचा नकाशा फुकट आहे, नुसता बघायला लॉगिनही लागत नाही. शूटची जागा ठरवायला तो उघडायलाच हवा. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको, पिवळ्यात संबंधित एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) हवी, लालमध्ये केंद्र सरकारची. एटीसी कोणाच्या ताब्यात आहे तेही पाहा: लोहगावला हवाई दल, दाबोळीला नौदल, ओझरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स).

गफलत होते ती कडेला. अंतर विमानतळाच्या हद्दीपासून धरतात, टर्मिनलपासून नाही. ५ ते ८ किमीचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंत हिरवा, त्याच्या वर पिवळा. म्हणजे जागा तीच, पण उंची वाढली की नियम बदलला. नुसता रंग बघून उडवणारे इथेच फसतात.

शिवाय नकाशा बदलत राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. उलवे-पनवेलचे जुने स्क्रीनशॉट डिलीट करा आणि उड्डाणाच्या दिवशी नकाशा पुन्हा उघडा. पोलिसांचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ (जुनं १४४) खालचे बंदी आदेश नकाशावर दिसतीलच असं धरू नका, ते वेगळे तपासा.

उंचीचा घोळ सगळ्यात वाईट. नियमातली उंची जमिनीपासूनची, रिमोटवरची बहुधा टेकऑफच्या जागेपासूनची. गडाच्या कड्यावरून १०० मीटर वर चढवून ड्रोन दरीवर नेला, तर स्क्रीनवर १००च राहतात. दरी ३०० मीटर खोल असेल, तर ड्रोन जमिनीपासून ४०० मीटरवर गेला. मर्यादा १२० ची.

आणि त्या हवेत दुसरं कोण आहे, हे हा नकाशा सांगत नाही. २१ सप्टेंबर २०१७ ला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला फँटम ४ ड्रोन धडकला, जेमतेम ३०० फुटांवर. रोटरच्या पात्याला पोचा आला, हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. तिथे उड्डाणावर तात्पुरते निर्बंध होते. चालकाने फक्त अ‍ॅपवर भिस्त ठेवली होती आणि ड्रोन अडीच मैलांवर, नजरेच्या पार पलीकडे होता.

हिशोब करून बघा. १२० मीटरवरून सेकंदाला ४ मीटरने उतरायला ३० सेकंद लागतात. तेवढ्यात १२० नॉटचं हेलिकॉप्टर पावणेदोन किलोमीटरहून जास्त कापतं. म्हणून आकाशाकडे लक्ष ठेवणारा एक माणूस शेजारी हवाच, स्क्रीनकडे न बघणारा. हेलिकॉप्टरचा आवाज आला की उंचीची स्टिक खाली ओढून सरळ उतरवा. रिटर्न टू होम (आपोआप परत आणणारं बटण) दाबू नका. ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली असेल, तर परतण्याआधी तो वर चढतो.