लिनॅकवरील किरणोपचार: छत्रपती संभाजीनगरातील एका रुग्णालयाची सेवा

अंबडला राहणाऱ्या माझ्या आत्यांना जिभेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर छत्रपती संभाजीनगरातील एका रुग्णालयात किरणोपचार देण्यात आले. ज्या उपचारासाठी जालना-बीडच्या रुग्णांना पूर्वी मुंबई किंवा बार्शी गाठावी लागे, तो आता एसटीने जाऊन-येऊन घेता येतो, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसल्यास खर्चाचा भारही फारसा पडत नाही.

यंत्राविषयी तक्रारीला जागा नाही. किरणोपचार देणारा लिनॅक, म्हणजे रेषीय त्वरक (कणांना सरळ रेषेत वेग देणारे यंत्र), हा जिनिव्हाजवळच्या 27 किलोमीटर परिघाच्या प्रचंड त्वरकाचाच भाऊबंद. फक्त येथे सारे काम मीटरभर किंवा त्याहूनही आखूड अशा तांब्याच्या पोकळ नळीत होते. तापलेल्या तंतूतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांना सुमारे 3 गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरींचे विद्युतक्षेत्र पुढे रेटते आणि 60 लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या 99 टक्क्यांहून अधिक झालेला असतो. टंगस्टनवर आदळून ते एकदम मंदावले की क्ष-किरण निघतात, आणि टंगस्टनच्याच सरकत्या पट्ट्या त्या झोताला हवा तो आकार देतात. अशा उपचारात साधारण 60 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) मात्रा 2 ग्रेच्या 30 हप्त्यांत, आठवड्यातून 5 दिवस दिली जाते. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला जाळीदार मुखवटा आत्यांना जाचला, पण तंत्रज्ञांनी तो दर वेळी हळुवारपणे बसवला. सकाळी पहिला रुग्ण आत जाण्याआधी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ मात्रेची तपासणी करतात, त्यात कधी घाई दिसली नाही.

उणीव आहे ती सांगण्याची. किरणोपचाराच्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रातला किरणोत्सारी कोबाल्ट-60 चा स्रोत अखंड क्षय पावत, म्हणजे किरण सोडत असतो, तर लिनॅकची वीज बंद होताच किरण थांबतात आणि रुग्णाच्या अंगात काहीही उरत नाही; एवढे एक वाक्य कोणी न सांगितल्यामुळे आत्यांनी पहिले काही दिवस नातवाला जवळ घेतले नाही. समुपदेशनाची खोली आहे, तिला बहुतेक वेळ कुलूप असते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. यंत्र दुरुस्तीसाठी बंद असताना गेवराई-घनसावंगीहून निघालेल्या रुग्णांना फोन गेला नाही आणि ते येऊन तसेच परतले. डोके व मानेच्या कर्करोगात उपचार लांबला तर रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढतो, म्हणून बुडालेला हप्ता शनिवारी, किंवा एकाच दिवशी किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा देऊन भरून काढतात. येथे तो शनिवारी दिला गेला, मात्र आम्ही मागणी केल्यावर.

उपचारासाठी हेच रुग्णालय मी पुन्हा निवडेन. बाहेरगावच्यांनी निघण्यापूर्वी विभागात फोन करून यंत्र चालू असल्याची खात्री करावी आणि दातांची तपासणी मुखवटा तयार होण्याआधीच उरकून घ्यावी. उपाहारगृहात मऊ भात मिळत नाही, तो घरून न्यावा.