उन्हाळ्यात सशांच्या पाण्यात काय घालावं: इलेक्ट्रोलाइट की 'सी' जीवनसत्त्व?

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि ससा तीस अंशांतच धापा टाकू लागतो. त्याला घाम जवळपास येतच नाही. अंगातली उष्णता बाहेर पडते ती कानांतून आणि श्वासातून. म्हणून दुकानात गेल्यावर दोन पुड्यांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न पडतो.

इलेक्ट्रोलाइट म्हणजे सोडियम-पोटॅशियमचे क्षार. धापा टाकल्याने रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं, ते सावरायला हे कामी येतात. स्वस्त आहेत, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला यांचाच आधार. दुपारच्या पाण्यात पाकिटावरच्या मात्रेनं द्या, पण शेजारी साधं पाणीही हवं. बोअरचं पाणी आधीच खारट असेल तर जपून. ग्लुकोज किंवा गुळाचं पाणी मात्र नकोच: पाण्याच्या नळीत बुळबुळीत थर धरतो आणि सशाचं पोट बिघडतं ते वेगळंच.

'सी' जीवनसत्त्व ससा स्वतःच्या यकृतात तयार करतो, मग विकत कशाला? साधा प्रश्न आहे, पण उष्णतेच्या ताणात त्याची गरज वाढते, आणि नरांच्या वीर्यावर चांगला परिणाम प्रयोगांत दिसला आहे. खरी मेख इथेच आहे. शुक्राणू तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. मेमधल्या उन्हाचा फटका जून-जुलैत कळतो: मादीला नर दाखवला तरी ती गाभण राहत नाही, आणि दोष मादीला जातो. म्हणून नरांना हे मार्चपासूनच सुरू करावं. एकच अडचण, ऊन, धातूची टाकी आणि जुनं पाणी यांत ते टिकत नाही. रोज ताजं, सावलीतल्या प्लास्टिकच्या भांड्यात. खाण्याच्या सोड्याबरोबर तर कधीच मिसळू नका, ते लवकर वाया जातं.

पैसे एकाचेच असतील तर मी माद्यांसाठी इलेक्ट्रोलाइट घेईन. चार-पाच नर असतील तर त्यांच्यापुरतं 'सी'. तेवढ्याला फार खर्च येत नाही.

पण त्याआधी हात लावून बघा: पत्र्यावरून गेलेल्या काळ्या नळीतलं दुपारचं पाणी चहासारखं कढत असतं. ससा ते पीतच नाही, मग औषध पोटात जाणार कसं? नळीला ओलं गोणपाट गुंडाळा, टाकी कडुलिंबाखाली हलवा, नाहीतर दुपारपुरतं माठातलं पाणी वाटीत ओता.