ग्रंथालयाचं कार्ड फोनवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सार्वजनिक ग्रंथालयाच्या ॲपवरून पुस्तकं घेऊ लागल्याला आता बरेच महिने झाले. ज्या कार्डावर कागदी पुस्तकं मिळतात, त्याच कार्डाचा क्रमांक टाकला की ई-पुस्तकं, ऑडिओबुकं, मासिकं आणि जुन्या वर्तमानपत्रांचा साठा उघडतो. घ्यावं का, असं विचाराल तर जरूर घ्या. फक्त त्यापायी कपाटाकडे जाणं सोडू नका.

चांगलं आधी सांगते. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि चष्मा लागलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळे दंडाचा प्रश्न येत नाही. ऑडिओबुकांमुळे भांडी घासण्याचा वेळ सत्कारणी लागतो. मासिकांना बहुतेक वेळा रांगही नसते.

रांग असते ती पुस्तकांना. फाइलला कसली आलीय रांग, असं मलाही वाटायचं. पण ग्रंथालयाने एका पुस्तकाचे दोन परवाने घेतले असतील, तर एका वेळी दोघंच ते वाचू शकतात. बाकीच्यांनी नंबर लावायचा. बरं, नंबर लागतात तेही एकदम! तीन जाडजूड पुस्तकं एकाच आठवड्यात हजर. अशा वेळी ‘माझी पाळी पुढे ढकला’ची सोय आहे, ती शोधून ठेवा. पाळी ढकलली तरी रांगेतली जागा जात नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती फार थोड्या वाचकांना माहीत असते. कागदी पुस्तक ग्रंथालयाने एकदा विकत घेतलं की ते ग्रंथालयाचं झालं. पानं सुटेपर्यंत कितीही जणांना द्या. मोठ्या प्रकाशकांचं ई-पुस्तक मात्र बहुतेक वेळा भाड्याने आलेलं असतं, आणि ग्रंथालयाला ते सामान्य ग्राहकापेक्षा कितीतरी महाग पडतं. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ठरवलं की एक ई-प्रत २६ वेळा दिली गेली की संपली, नवा परवाना घ्या. दोन वर्षांनी संपणारे परवानेही सर्रास असतात. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये कहरच केला होता. नवं पुस्तक आलं की पहिले ८ आठवडे एका ग्रंथालय-यंत्रणेला एकच ई-प्रत, मग तिचे वाचक हजार असोत की लाख. ग्रंथालयांनी खरेदीवर बहिष्कार घातला आणि मार्च २०२० मध्ये ती अट मागे घेतली गेली.

याचा झटका मला प्रत्यक्ष बसला. अर्ध्यावर सोडलेलं एक पुस्तक पुन्हा घ्यायला गेले तर यादीतून गायब. मी खूण केलेली वाक्यं आणि टिपणं ॲपमध्ये शाबूत, पुस्तक मात्र नाही. परवाना संपला होता आणि मागणी कमी म्हणून नवा घेतला नव्हता. त्याची कागदी प्रत मात्र आतल्या कपाटात निघाली. मागच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा होता. म्हणूनच ‘आता सगळं ऑनलाइन आहे’ म्हणत कागदी पुस्तकं रद्दीत काढायचा उत्साह कोणी दाखवला की मला धडकी भरते.

जुन्या वर्तमानपत्रांचा साठा हा माझ्या मते या कार्डाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. यातलं बरंचसं नेहमीच्या शोधयंत्रावर येतच नाही. पण इथे शोधताना एक अडचण येते. पानांचे फोटो काढून संगणकाने त्यातली अक्षरं ओळखलेली असतात. शाई पसरलेली असेल, टाइप झिजलेला असेल, तर नाव भलतंच वाचलं जातं आणि शोधात येत नाही. मला हवी असलेली एक जुनी बातमी नावाने शोधून सापडेना तेव्हा ग्रंथपाल बाईंनी सुचवलं, नाव सोडा, तारीख धरा. घटनेनंतरच्या दोन-तीन दिवसांचे अंक पान उलटत वाचा. बातमी दुसऱ्या दिवसाच्या आतल्या पानावर निघाली, आडनावाची दोन अक्षरं फुटलेली. एवढ्या महिन्यांत ॲपमधली कोणतीही सोय मला या सल्ल्याइतकी उपयोगी पडलेली नाही.

ॲपपेक्षा माणूस उपयोगी पडतो, हाच अनुभव देवघेव काउंटरच्या शेजारी. तिथल्या संगणकांवर पुस्तक शोधणारे कमी, अर्ज भरणारे जास्त. एक आजोबा फोटो चढवायला बसले होते. फोटो ‘मोठा आहे’ म्हणून अर्ज तो परत परत नाकारत होता आणि आजोबा प्रत्येक वेळी आणखी लहान दिसणारा फोटो निवडत होते. ग्रंथपालांनी फाइलचं वजन कमी करून दिलं, प्रिंट काढून दिली आणि जाताना खात्यातून बाहेर पडायला लावलं. डिजिटल युगात ग्रंथालयं हवीत कशाला, असं विचारणाऱ्यांच्या घरी प्रिंटर असतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ॲप बहुधा वेगळ्याच कंपनीचं असतं. पुस्तक परत आल्यावर ते कोणी नेलं होतं याची नोंद पुसून टाकणारी ग्रंथालयं आहेत. ॲपवाल्यांचे नियम त्यांचे ते ठरवतात. सेटिंगमध्ये जाऊन वाचनाचा इतिहास बंद करा. मराठी शोधलं तर अजून फारसं हाती लागत नाही.

आणि यंत्रणा बंद पडली तर? ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा ऑनलाइन सूची कोलमडली ती जानेवारी २०२४ मध्ये अंशतः परत आली. पुस्तकं जागच्या जागी होती. पण ती मागवायची सोयच संगणकावर असल्यामुळे त्यातली बरीचशी वाचकांच्या हाती येत नव्हती. आपल्या ग्रंथालयात अशा दिवसासाठी काय तजवीज आहे, हे एकदा काउंटरवर विचारून बघा.

सध्या माझा क्रम ठरलेला आहे. एकदाच वाचायचं ते ॲपवर, पुन्हा लागेल ते कपाटातून. ‘खरेदीसाठी सुचवा’ हे बटणही वापरते. सुचवलेल्यांपैकी काही पुस्तकं आली. काहींबाबत उत्तर आलं की प्रकाशक ई-आवृत्ती ग्रंथालयांना विकतच नाही. ती आता कागदी मागवली आहेत आणि त्या रांगेत सध्या मी एकटीच आहे.