उसळ उत्तम, पण ताकाचं पाणी बघा
होस्टेलजवळच्या या मेसची मटकीची उसळ नि गरम भाकरी आजही पहिल्या नंबरची. पण पावसाळ्यात इथे जेवणाऱ्या बऱ्याच जणींना कावीळ झाली. आरोग्यसेविका ताईंनी काल-परवाचं नाही, गेल्या दीड महिन्याचं खाणं विचारलं. या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस ए-ची लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस लागतात! आजारी नसलेल्यांनाही तेच प्रश्न. फरक निघाला तो ताकात. ताकात पडणाऱ्या टाकीच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकले, पिवळा रंग आलाच नाही. म्हणजे क्लोरीनचा पत्ता नाही. मेसवाल्या काकूंनी लगेच टाकी धुऊन घेतली, ताक बंद केलं, हे मनापासून आवडलं. वाढणाऱ्यांच्या बेसिनवर साबण मात्र अजून नाही. तो येईपर्यंत तीनच तारे.